नेत्याचं डोकं ठिकाणावर आहे का: क्लिप बघून ठरवायचं की मिक्सरमागं उभं राहून?

भाचा यंदा पहिल्यांदा मतदान करणार, परवा सात रस्त्याला चहा पिताना म्हणाला मामा ह्या माणसाच्या हातात सत्ता द्यायच्या लायकीचं डोकं आहे का ते कळणार कसं. मला विचारायचं कारण म्हणजे माझा साऊंडचा धंदा, वीसेक वर्षं झाली, सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत सगळ्या पक्षांच्या सभांना माझे बॉक्स लागलेत. त्याला तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

दोनच रस्ते दिसतात मला. एक दुरून, म्हणजे शपथपत्र, टीव्हीवरचे तज्ञ, मोबाईलवरच्या क्लिपा. दुसरा जवळून, माणूस वागतो कसा ते स्वतः बघायचं. मी दोन्ही करून बघितलंय.

शपथपत्र वाचाच, त्यात वाद नाही. केसेस, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं. पण तब्येतीचा रकाना नाही आणि स्वभावाचा तर नाहीच नाही. आपल्या घटनेत कलम 102 आणि 191 मध्ये मनोविकल माणूस अपात्र म्हटलंय, पण ते कोर्टाने तसं जाहीर केलं असेल तरच, म्हणजे ती चाळणी एवढी मोठ्या भोकाची की त्यातून कुणीही पार होतो.

मग राहिले तज्ञ. तर 1964 सालची अमेरिकेतली गोष्ट ऐका. गोल्डवॉटर नावाचे उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, एका मासिकाने 12,356 मनोविकारतज्ञांना पत्रं पाठवली, हा माणूस लायक आहे का सांगा म्हणून. 2,417 जणांची उत्तरं आली, त्यातले 1,189 म्हणाले लायक नाही. समोर बसवून तपासणी कुणीच केली नव्हती! गोल्डवॉटर निवडणूक हरले पण मासिकावरची केस जिंकले, पुढं 1969 पासून 1987 पर्यंत सिनेटमध्ये बसले, आणि तिथल्या मनोविकारतज्ञांच्या संघटनेनं 1973 मध्ये नियमच केला की न तपासलेल्या माणसाचं निदान जाहीर सांगायचं नाही. आपल्याकडं मात्र चॅनेलवर अर्ध्या तासात चार जणांचं निदान होतं.

चाचण्या असतात म्हणाल तर त्याही असतात, 2018 मध्ये ट्रम्पना अशाच एका चाचणीत 30 पैकी 30 मिळाले. घड्याळाचं चित्र काढा, प्राण्यांची नावं सांगा, पाच शब्द लक्षात ठेवा असा प्रकार. विसरभोळेपणा कळतो त्यातून. हट्टी आहे का, सूड धरतो का, हे घड्याळ काढून कसं कळणार?

आता माझं खरं दुखणं, क्लिपा. पूर्व भागात एका चौकात सभा होती, एप्रिलचं ऊन, पारा 42 च्या पुढं, आणि भाषण रंगात आलेलं असताना माझा जनरेटर ट्रिप झाला. माइक मेला. मी मिक्सरमागून, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या मशीनमागून, हात वर करून खूण केली, थांबा साहेब. ते थांबले, माझ्याकडं बघत उभे राहिले, दहा-बारा सेकंद असतील. आमचा पोरगा वायर धरून धावत स्टेजवर चढला तर वाकून त्याला म्हणाले सावकाश रे, शॉक लागंल. बास, एवढंच झालं. रात्री जेवायला बसलो तर भिशीच्या ग्रुपवर तेच दहा सेकंद, आवाज नाही, नुसता चेहरा, खाली लिहिलेलं "शब्दच आठवंनात, गेली केस". पोरगा दिसायच्या आधीच कापलेलं. मी टाइप केलं, अहो जनरेटर ट्रिप झाला होता, मी स्वतः होतो तिथं. त्यावर एकजण म्हणतो, मालक तुम्ही त्यांचेच दिसताय. आता मी काय करू सांगा, मत मी त्यांना दिलंही नव्हतं ओ, आणि जनरेटर माझा! त्या दिवसापासून क्लिप बघून कुणाच्या डोक्याबद्दल बोलायचं मी बंद केलं.

बरं, पडद्यावर काहीच कळत नाही असंही नाही. 27 जून 2024 ला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांची ट्रम्प यांच्याशी डिबेट झाली, त्यात ते अडखळत होते, ती लोकांनी सलग दीड तास बघितली आणि 21 जुलैला ते शर्यतीतून बाहेर पडले. सलग बघण्यात आणि कापून बघण्यात फरक आहे, एवढंच म्हणायचंय.

जवळून बघायचं म्हणजे काय, तर माझ्या दोन जागा ठरलेल्या आहेत. एक, माइकनं शिट्टी मारली की. एक नेते माइकवरूनच आमच्या पोराला म्हणाले, ह्याला कुणी आणलं रे, पाच हजार माणूस हसलं, पोरगा दोन दिवस कामावर आला नाही. दुसरी जागा रात्रीचे दहा. दहाला स्पीकर बंद करायचा हा नियम, पावणेदहाला स्टेजवर चिठ्ठी जाते. काहीजण चिठ्ठी वाचून, घड्याळ बघून दोन वाक्यांत आवरतात, टाळ्यांचा मुद्दा तसाच सोडून. एकांनी चिठ्ठी चुरगाळली आणि म्हणाले कोण बंद करतो तेच बघतो. ते गेले गाडीत बसून, नोटीस आली माझ्या नावानं. तेच दोन वर्षांनी दुसऱ्या सभेला आले, मी ओळख दिली, त्यांना काही आठवत नव्हतं. ही विसराळू वृत्ती कुठल्या चाचणीत पकडणार?

ह्या रस्त्यालाही खोट आहे, कबूल. जवळची माणसं झाकतात. वुड्रो विल्सन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना ऑक्टोबर 1919 मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तो किती गंभीर आहे हे बायकोनं आणि डॉक्टरनं लोकांना कळूच दिलं नाही, मुदत संपेपर्यंत गाडा तसाच ओढला. आणि उन्हात चार तास ताटकळलेला माणूस एखाद्या वेळी चिडणारच, तेवढ्यावरून त्याला मोडीत काढू नये, मीही घरी चिडतो. आजार आणि स्वभाव ह्यांची तर अजिबात सरमिसळ नको, 1972 मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाचे उमेदवार ईगल्टन यांनी आधी डिप्रेशनवर उपचार घेतले होते एवढं बाहेर आलं आणि उमेदवारी गेली, उपचार घेणारा माणूस मला उलट जबाबदार वाटतो.

तुमचा अनुभव वेगळा असेल, मी काय डॉक्टर नाही. पण वेळ कमी असेल तर शपथपत्र एकदा वाचा, क्लिपा सोडा, आणि एक सभा शेवटपर्यंत बघा. भाच्याला सांगितलंय, पुढच्या सभेला ये, स्टेजच्या डाव्या अंगाला मिक्सरमागं उभा रहा, कानात कापूस घालून ये आणि पावणेदहाच्या आत कुठं जाऊ नको.