अहमदाबादचं जुनं शहर: महापालिकेचा वॉक, खासगी गाइड की आपलं आपण?

मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी अहमदाबादला जाणाऱ्यांचा पहिला दिवस बहुधा ठरलेला असतो. साबरमती आश्रम, अडालजची बारव, संध्याकाळी रिव्हरफ्रंट. दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात जायचं हेही ठरलेलं असतं, अडतं ते कसं जायचं यावर. मी तिन्ही प्रकारे फिरलोय, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो: पहिलीच खेप असेल तर सकाळी महापालिकेचा हेरिटेज वॉक घ्या, आणि तो संपला की लगेच रिक्षा पकडू नका.

साबरमतीच्या पूर्वेचं हे शहर अहमदशाहाने 1411 मध्ये वसवलं. 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हा भारतातलं ते पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं. पण नकाशा घेऊन 'वारसा' शोधत निघालात तर हाती लागतं ते ट्रॅफिक, हॉर्न आणि स्कूटर. शहराचा जीव आत पोळींमध्ये आहे. पुण्याच्या वाड्याशी पोळीची गल्लत करू नका. वाडा एका घराण्याचा असतो. पोळ म्हणजे सबंध वस्ती: तोंडाशी एक दरवाजा, आत एक गल्ली, तिला फुटलेल्या आणखी गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी नक्षीदार लाकडी घरं, मध्ये देऊळ किंवा देरासर (जैन मंदिर) आणि पक्ष्यांना दाणे टाकायचा खांबावरचा चबुतरो.

महापालिकेने हा वॉक 19 नोव्हेंबर 1997 ला सुरू केला. सकाळी आठच्या सुमारास काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून (हे मंदिर 1822 चं) निघतो आणि दोन-अडीच तासांनी जामा मशिदीशी संपतो. अंतर फारसं नाही, वेळ जातो तो वळणांत. कवी दलपतरामांचं घर असलेल्या चौकात त्यांचा पुतळा चौथऱ्यावर उभा केलेला नाही, घराच्या ओट्यावर बसवलाय. शेजारी बसून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. पुढे काळा रामजीचं मंदिर, हाजा पटेलची पोळ, दोशीवाड्याची पोळ, जैन देरासरं, हरकुंवर शेठाणींची हवेली. पती हठीसिंगांच्या निधनानंतर दिल्ली दरवाज्याबाहेरचं प्रसिद्ध जैन मंदिर पुरं करून घेतलं ते याच शेठाणींनी.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. गाइड एका दारातून आत शिरतो. आपल्याला वाटतं, कुणाच्या तरी घरात चाललोय, चपला काढायच्या का? तर तो असतो एका पोळीतून दुसरीत नेणारा बोळ. पूर्वी एकट्याने आलो होतो तेव्हा अशाच एका दारावरून दोनदा गेलो होतो. फोनवरचा निळा ठिपका मला सारखा कुणाच्या तरी माजघरात दाखवत होता, आणि ओट्यावर भाजी निवडणाऱ्या एका आजींनी मान वर न करता 'आगळ रस्तो नथी' म्हणून परत पाठवलं होतं. पावसाचं पाणी साठवायची टाकी घरातल्या चौकाखाली असते, तिला इथे टांकं म्हणतात. झाकण दिसलं तरी ते कशाचं हे सांगणारं कुणी नसेल तर आपण त्यावरून पाय देऊन पुढे जातो.

या वॉकची दुखणीही आहेत. थंडीत, त्यातून शनिवार-रविवारी, घोळका मोठा होतो आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून सरळ गाइडच्या कोपराशी चिकटून चाला, शिष्टपणा वाटला तरी चालेल. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत असतं. कुठे रेंगाळायची सोय नसते. दगडी फरशी, उंच उंबरठे, मध्येच गायी आणि स्कूटर, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा वॉक नाही. बरोबर आई-वडील असतील तर खासगी गाइडच घ्या. तो तुमच्या चालीने चालतो, चहाला थांबतो, फेरीतल्या दोन पोळी गाळतो. दर माणशी पाहिलं तर महापालिकेच्या तिकिटापेक्षा बराच महाग पडतो, पण चौघांत वाटला की खुपत नाही. ठरवण्याआधी एकच विचारा: पोळीतलं एखादं घर आतून दाखवणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा.

खासगीतच रात्रीचे वॉकही मिळतात. रात्रीच्या वॉकवर मी फारसा खूश नाही. दिव्यांत हवेल्या सुंदर दिसतात, पण दारं बंद असतात आणि नक्षी अर्धी अंधारात जाते. रात्री माणेकचौक बघायचा असेल तर गाइड कशाला हवा? सकाळी गुरांना चारा, दिवसा सराफांची पेढी, रात्री पावभाजी आणि डोशांच्या गाड्या असा हा चौक दिवसातून तीनदा वेष बदलतो. पूर्वी शेअर बाजारही इथेच होता, 1894 चा, मुंबईच्या पाठोपाठ देशात दुसरा.

आता आपलं आपण फिरण्याबद्दल. पोळींत ते फसतं, पण जामा मशिदीच्या पश्चिमेला तेच सगळ्यांत छान जमतं. वॉक दहा-साडेदहाला संपतो, ऊन अजून सोसवण्याजोगं असतं. आधी मशीदच निवांत बघा. ती 1424 ची, 260 खांबांची. मिनार का नाहीत, असा प्रश्न पडेल. 1819 च्या कच्छच्या भूकंपात ते पडले. तिथून मुख्य रस्त्याने चालत तीन दरवाजा, भद्रचा किल्ला, आणि पुढे 1572-73 च्या सीदी सैयद मशिदीची दगडी जाळी. सगळ्या वास्तू रस्त्यावरच आहेत, चुकायला वावच नाही.

आपल्या माणसांनी तीन दरवाज्यापाशी जरा जास्त थांबावं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रज येईपर्यंत या शहरावर पेशवे आणि गायकवाडांचा अंमल होता. माझ्या वॉकवर ते सगळं एका वाक्यात उरकलं. भद्रमधलं भद्रकालीचं देऊळ मराठ्यांच्या काळातलं. आणि तीन दरवाज्यावर मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा 1812 चा देवनागरी शिलालेख आहे: मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा विनातक्रार मिळावा. न मानणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा. फेरीवाल्यांच्या गर्दीत तो शोधावा लागतो. आम्ही शोधेपर्यंत एक पट्टेविक्रेता आमच्याबरोबर वर बघत उभा राहिला, आणि काय लिहिलंय ते कळल्यावर म्हणाला, एवढी वर्षं इथे बसतोय, कुणी सांगितलंच नाही.

दिवस निवडताना शुक्रवारची दुपार टाळा, मशिदीत नमाज असते. एप्रिल-मेमध्ये तर वॉक सोडून बाकी काही चालणं नको, पारा चाळिशीपार असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रात्री मुंबईहून गुजरात मेल पकडली तर सकाळी वेळेत पोचता येतं. काळूपूर स्टेशनपासून (अहमदाबादचं मुख्य स्टेशन) स्वामिनारायण मंदिर जवळच आहे, फक्त गाडी शहरातल्या नेमक्या कुठल्या स्टेशनला उतरवते ते तिकिटावर बघून घ्या. सामान स्टेशनवर ठेवा. पोळीत चाकांची बॅग ओढत नेणाऱ्या एका कुटुंबाला मी पाहिलंय, आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या ओट्यांवरच्या आज्यांनाही.