हंसा वाडकरांवरचा एकपात्री : जमलं तर पुढच्या रांगेत बसा

जुन्या मराठी सिनेमातल्या हंसा वाडकर म्हटलं की आताच्या पोरांना काही कळत नाही, मग स्मिता पाटीलचा ‘भूमिका’ सांगावा लागतो की अरे तो हिच्याच आयुष्यावरनं काढलेला. त्यामुळे एका हौशी ग्रुपने थेट बाईंच्या आत्मकथेवर एकपात्री बसवलंय कळल्यावर लगेच तिकीट काढलं. सव्वा तास, इंटरव्हल नाही.

पहिला अर्धा तास जबरदस्त. स्टेजवर एक ट्रंक, एक आरसा, बस. ती मुलगी नऊवारी नेसता नेसता बोलत राहते, रतन साळगावकर (हंसाबाईंचं मूळ नाव) नावाची पोर घर चालवायला सिनेमात कशी आली ते, आणि निऱ्या घालताना मधेच हात थांबतो, चुकलेली निरी सोडते, परत घालते, बोलणं चालूच. कुठेही रडणं नाही. बाईंचं सांगणं मुळात असंच आहे, अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं पुस्तक १९७० ला आलं, त्यात दारू, नवरा, घर सोडून जाणं सगळं सरळ सांगितलंय, बिचारी म्हणा असा सूर नाही कुठे. १९४१ च्या ‘संत सखू’तली सखू आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’तली तमासगीर बयाबाई एकाच बाईने केल्या, ते तर तिने नुसत्या पदराने दाखवलं, आधी डोक्यावरनं घट्ट आणि मग कमरेला खोचलेला. टाळ्या तिथेच पडल्या.

मग डायरेक्टरला काय झालं कोण जाणे. घर सोडून गेलेल्या बाई मराठवाड्यातल्या एका घरात अडकतात तो भाग आला आणि लाल लाइट, वर सारंगी, वर रेकॉर्डेड हुंदके! अहो ती बाई समोर बोलतेय ना, बोलू द्या की तिला. पुस्तकात हा भाग वाचताना पोटात गोळा येतो तो बाई शांतपणे सांगतात म्हणून, इथे ती किंचाळते आणि आपण घड्याळ बघतो.

आणि एक, शेवटी ‘बुगडी माझी सांडली गं’वर नाच घातलाय. गाणं हंसाबाईंच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’तलंच, मान्य, पिक्चर पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला तेही मान्य, पण पडद्यावर त्या गाण्यात जयश्री गडकर आहेत हो! हंसाबाईंच्या प्रयोगात तेवढं तरी बघायचं. ‘रामजोशी’तलं ‘सुंदरा मनामध्ये भरली’ हाताशी असताना हे का घेतलं कळलं नाही. पब्लिक गुणगुणत बाहेर पडतं, त्यासाठीच असणार.

नटी मात्र पक्की आहे, आवाज खालच्या पट्टीत ठेवून बोलते आणि हॉलमध्ये माईक नव्हता, आम्ही मागे होतो तर वाक्यांचे शेवट गिळले जात होते, शिवाय शेजारचे काका चकलीची पिशवी उघडत बसले. तिकीट तीनशे, वर्थ आहे. लहान मुलांना नेऊ नका, विषय त्यांचा नाही. सारंगी काढली आणि पंधरा मिनिटं कापली तर मी परत जाईन, आईला घेऊन.