नऊ महिने एसक्यूएम-एल: ठाण्याच्या गच्चीवरून आकाशाचा उजेड मोजताना

परतीचा पाऊस ओसरला तेव्हा, गेल्या ऑक्टोबरात, मी एसक्यूएम-एल हा रात्रीच्या आकाशाचा उजेड मोजणारा छोटा मीटर मागवला. आता पुन्हा पाऊस लागलाय. मीटर सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात बंद आहे आणि मधल्या नऊ महिन्यांची वही समोर उघडी आहे. वहीत 94 रात्री आहेत. त्यातल्या पहिल्या तीसेक रात्री मी आता जमेस धरत नाही. त्या का सोडल्या हे सांगायला हे लिहिते आहे, कारण नवा मीटर हातात आलेला माणूस त्याच चुका करेल असं मला वाटतं.

आधी वस्तूबद्दल. पत्त्यांच्या कॅटाहून जरा जाड असा काळा डबा, एक बटण, लाल आकडे, आत 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. कॅनडातली युनिहेड्रॉन ही कंपनी तो बनवते. डोक्याच्या वर धरायचा, भिंग आकाशाकडे करायचं, बटण दाबून सोडायचं. ठाण्यात आकडा लगेच येतो. खऱ्या अंधारात मीटरला उजेड गोळा करायला वेळ लागतो, तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. बटण धरून ठेवलं की तो आतलं तापमानही दाखवतो. ते वहीत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आकडा असतो तो प्रति चौरस विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) किती प्रतीचा उजेड आहे याचा; प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायचं माप. ताऱ्यांच्या प्रतीसारखंच गणित उलटं चालतं: आकडा मोठा म्हणजे अंधार जास्त. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर 100 पट, एका प्रतीचा म्हणजे सुमारे अडीच पट. माणसाचा दिवा आसपास कुठेच नसलेल्या, चंद्र नसलेल्या स्वच्छ आकाशाचं रीडिंग 22 च्या जवळ जातं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीवर ते रात्री नऊच्या सुमारास 17.6 ते 17.8 येतं. म्हणजे माथ्यावरचं आमचं आकाश निसर्गाने दिलेल्या आकाशाच्या जवळपास 50 पट उजळ आहे. आकाश बिघडलंय हे डोळ्यांना कधीपासून दिसत होतं, पण 50 पट हा आकडा स्वतः काढला त्या रात्री मला झोप लागली नाही.

शहरात राहत असाल तर एल असलेलंच मॉडेल घ्या. साध्या एसक्यूएमचा कोन फार मोठा आहे, त्यात समोरच्या टॉवरचे दिवे, होर्डिंग सगळं शिरतं. एलमध्ये भिंग असल्यामुळे तो मुख्यतः माथ्यावरच्या सुमारे 20 अंश रुंद गोलातलाच उजेड धरतो, आणि 19 अंश बाजूला असलेल्या दिव्याची नोंद दहाव्या हिश्श्यावर येते. तरी दहावा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे. पहिला महिना मी बाल्कनीतून हात बाहेर काढून मोजत होते. वरच्या मजल्याचा सज्जा निम्मं आकाश अडवत होता आणि त्याच्या पांढऱ्या रंगावरून परतलेला उजेड भिंगात येत होता. ते सगळे आकडे वाया गेले.

किमतीचं म्हणाल तर आजचा भाव कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, पण टपाल आणि सीमाशुल्क वेगळं धरा. माझं पार्सल कस्टममध्ये बरेच दिवस अडकलं होतं.

उरलेल्या चुका माझ्या लक्षात आल्या त्या आमच्याच इमारतीतल्या एका मुलामुळे. तिसऱ्या मजल्यावरचा हा मुलगा अंटार्क्टिकात, भारताच्या मैत्री संशोधन स्थानकावर, एक हिवाळा काढून आलाय. डिसेंबरात गच्चीवर भेटला. मी कौतुकाने म्हटलं, “तुमच्याकडे सहा महिने रात्र, मोजायला किती सोपं!” तो म्हणाला, “काकू, मैत्रीवर सहा महिने रात्र नसते. 21 जूनच्या दुपारी बारा वाजतासुद्धा उत्तरेला उजेड दिसतो.”

घरी येऊन गणित मांडलं. मैत्री सुमारे 70 अंश 46 कला दक्षिणेवर आहे. तिकडच्या ऐन हिवाळ्यातही दुपारी सूर्य क्षितिजाखाली फक्त चार अंशच असतो. आकाश पुरतं काळं व्हायला सूर्य 18 अंश खाली जावा लागतो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासात तो तिथे पोचतो. दक्षिण ध्रुवावर मार्चमध्ये सूर्य मावळतो आणि 18 अंश खाली जायला त्याला सात आठवडे लागतात! संधिप्रकाशच सात आठवडे. मग साधारण 12 मे ते जुलैअखेर असे 80 दिवस पक्का अंधार, आणि पुन्हा उजेडाकडे तितकाच संथ प्रवास. ध्रुवावर सूर्य जास्तीत जास्त साडेतेवीस अंश खाली जातो, म्हणून हे तरी जमतं. अंटार्क्टिकाच्या पठारावरचं सर्वात उंच ठिकाण म्हणजे डोम ए, 4000 मीटरच्या वर, 80 अंश दक्षिणेला. तिथे 21 जूनच्या दुपारी सूर्य 14 अंशच खाली असतो. म्हणजे ऐन हिवाळ्यातही रोज काही तास संधिप्रकाशाची झाक उरतेच.

हे कळल्यावर मी वहीत पहिला रकाना वाढवला: सूर्य किती अंश खाली. त्याआधी मी संध्याकाळी सातलाच मोजून मोकळी होत होते.

दुसरा रकाना चंद्राचा. अमावास्येला मोजायचं हे कुणालाही ठाऊक असतं, पण ध्रुवाजवळ चंद्र कसा वागतो ते वाचून मी थक्क झाले. हिवाळ्यात सूर्य सतत क्षितिजाखाली, तर पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून तो सतत क्षितिजाच्या वर. ध्रुवावर तर तो त्या दिवसांत मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो. अमावास्येच्या आसपास मात्र तो वर येतच नाही. डोम ए वर 2008 साली सीस्टार नावाच्या चार छोट्या दुर्बिणी मानवाशिवाय चालल्या होत्या, थेट दक्षिण खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे ज्या बिंदूभोवती तिथलं आकाश फिरताना दिसतं त्याच्याकडे, रोखून. तिथे हिवाळ्यात माणूस राहत नाही. यंत्रं, इंधन, उपग्रहावरून संपर्क, सगळं उन्हाळ्यात बसवून ठेवायचं आणि निघून यायचं. त्या नोंदींमध्ये चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्रींचा मध्यांक, म्हणजे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 20.5 आला, आणि चंद्राच्या सगळ्या कला धरून 19.8. एकट्या चंद्राने आकाश जवळपास दुप्पट उजळ केलं.

इथे एक सावधगिरी, जी मला फार उशिरा सुचली. 20.5 हा आकडा बघून मी क्षणभर खट्टू झाले होते. मुरबाडच्या पुढे टोकावड्याला माझ्या मीटरने 20.6 दाखवलं होतं, मग अंटार्क्टिकाचं ते काय मोठं? पण त्यांचा फिल्टर आय पट्ट्यातला, म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा उजेड धरणारा. त्या पट्ट्यात वातावरण स्वतःच जास्त चमकतं. आपला मीटर निळसर ते नारिंगी-लाल उजेड धरतो आणि पलीकडचा गाळून टाकतो. दोन वेगळ्या मापट्यांनी मोजलेलं धान्य एका रांगेत मांडता येत नाही. आपल्या रस्त्यांवरसुद्धा हेच झालंय. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, डोळ्यांना आकाश बदललेलं दिसतं, पण मीटरला रंग कळत नाही, त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांतला फरक जसाच्या तसा खरा मानू नका.

अरोराची, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाचीही मला अशीच उत्सुकता होती. ध्रुवाजवळ म्हणजे रोज हिरवे पडदे हलत असणार, मग अंधार मोजणार कसा? पण अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसतो, बरोबर मधोमध नाही. डोम ए त्या कड्याच्या आत पडतं, आणि सीस्टारच्या फक्त 2 टक्के चित्रांत जोरदार अरोरा सापडला. अर्थात आय पट्ट्यात. ऑक्सिजनची प्रसिद्ध हिरवी रेषा 557.7 नॅनोमीटरला असते, म्हणजे आपल्या मीटरला ती लगेच दिसेल. मैत्रीहून आलेल्या मुलाला विचारलं तेव्हा त्याने फोनवरचे फोटो दाखवले आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

तिसरा रकाना ढगांचा. ठाण्यात पातळ ढग आले की आकडा घसरतो, कारण खालचे दिवे ढगावर आपटून परत येतात. एका फेब्रुवारीच्या रात्री नुसत्या पांढुरक्या ढगाने 17.7 चं 16.9 झालं. जिथे खाली एकही दिवा नाही तिथे बरोबर उलटं होतं: ढग तारे झाकतो आणि आकडा वर जातो. म्हणून कुणी निर्जन ठिकाणाहून 22 च्या वरचा आकडा सांगितला तर आधी विचारा, तारे दिसत होते का?

माथा नेमका धरणं हे आमच्या गच्चीवर कठीण काम आहे. ध्रुवावर हा प्रश्न फार सुंदर सुटतो. तिथे खस्वस्तिकाला, म्हणजे बरोबर डोक्यावर, खगोलीय ध्रुव असतो, त्यामुळे माथ्यावर रात्रभर, हिवाळाभर, आकाशाचा तोच तुकडा. आपल्या डोक्यावरून मात्र सगळं सरकत राहतं. जानेवारीत आकाशगंगेचा हिवाळी पट्टा माथ्याजवळ येतो, अंधाऱ्या जागी त्याने आकडा थोडा खाली येतो. पण ठाणेकरांना एक सोय आहे. स्वाती नक्षत्राचा तारा 19 अंश उत्तर क्रांतीवर (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) आहे आणि ठाणे 19.2 अंश अक्षांशावर. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास स्वाती अक्षरशः डोक्यावर येतो. मीटर त्याच्याकडे रोखला की माथा सापडला. ठाण्याच्या आकाशात जो एखादा तारा अजून नीट दिसतो, तोच इतका उपयोगी पडावा याचा मला फार आनंद झाला.

मीटरच्या खटकलेल्या गोष्टी. पहिलं रीडिंग टाकून द्यावं लागतं, घरातून उबदार मीटर बाहेर आणला की पहिला आकडा हमखास वेगळा येतो. मी पाच घेते, पहिला सोडते, दर वेळी पाव वळसा फिरते. नोंद साठवायची सोय या मॉडेलमध्ये नाही, त्यासाठी वेगळं मॉडेल आहे. नऊ महिन्यांत बॅटरी एकदा बदलली, तीही मीच प्रवासात पिशवीत बटण दाबलं जाईल असा ठेवला म्हणून. भिंगावर दव बसतं. ठाण्याजवळच्या येऊरला जानेवारीच्या पहाटे आकडा हळूहळू वाढत गेला आणि मी खुश झाले. नंतर टॉर्च मारून बघितलं तर भिंग धुरकट झालेलं. डोम ए वर हाच त्रास हिमाचा असतो. सीस्टारच्या काचेवर विजेने तापणारा पारदर्शक थर दिला होता, हिम साचू नये म्हणून. मी आता मीटर स्वेटरच्या आत ठेवते आणि मोजण्यापुरता बाहेर काढते. त्याने पहिल्या आकड्याचा घोळ वाढतो, म्हणून पाचाऐवजी सात घेते.

कंपनी अचूकता 0.10 सांगते. हे लक्षात न ठेवता मी मार्चमध्ये सोसायटीच्या सभेत उभी राहणार होते. आमच्या पाण्याच्या टाकीवर एक मोठा फ्लडलाइट आहे, अर्धा आकाशाकडे तोंड केलेला. मी तो चालू असताना मोजलं, वॉचमनमामांना सांगून बंद करून मोजलं. 17.74 आणि 17.79. एवढ्यावर कुणाला काही सिद्ध करता येत नाही. मग आणखी 12 रात्री तसंच केलं. मामा दर वेळी चौदा मिनिटं अंधारात माझ्यासोबत थांबले. फरक प्रत्येक रात्री त्याच बाजूला आला, 0.03 ते 0.07. मीटरचा मूळ आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण एकाच मीटरने एकाच जागी दहा मिनिटांत घेतलेला फरक विश्वासाचा असतो.

सभेत मी ते आकडे थोडक्यातच सांगितले. जास्त वेळ सांगितलं ते दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट स्थानकाबद्दल. तिथे हिवाळ्यात खिडक्या पुठ्ठे लावून बंद करतात, आतला उजेड बाहेर पडून आकाशाच्या नोंदी बिघडू नयेत म्हणून. आसपास शेकडो किलोमीटर एकही गाव नाही, बाहेर नुसता बर्फ, आणि तरी ते खिडकी झाकतात, कारण बर्फावर पडलेला उजेड जवळजवळ सगळा वर परततो. जगातला सर्वात अंधारा कोपरासुद्धा माणसांना रोज राखावा लागतो. सेक्रेटरी काका ऐकून म्हणाले, “अहो ताई, दिवा काढायचा नाही, पण खाली वळवायला काय हरकत आहे?” इलेक्ट्रिशियनने पंधरा मिनिटांत तो वळवला, वर पत्र्याची झापड लावली. टाकीखालचा जिना आता आधीपेक्षा नीट दिसतो, हे मुलांनीच सांगितलं.

त्यानंतर पावसापर्यंत 11 स्वच्छ रात्री मिळाल्या. मध्यांक 17.80. आधीचा 17.75. समोरच्या टॉवरचा दिवा तसाच आहे, त्यांच्या सेक्रेटरींना पत्र दिलंय. मैत्रीवाला मुलगा ऑक्टोबरात परत जातोय. त्याच्यासाठी माझ्या वहीचे रकाने आखून एक कोरी वही तयार ठेवली आहे: सूर्य किती खाली, चंद्र कुठे, ढग, तापमान, आणि शेवटचा रकाना खिडक्या झाकल्या होत्या का.