कीबोर्ड, माउस की टचस्क्रीन? चादरीच्या दुकानात बिलिंगला काय बसवावं

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान असलेल्या एका अण्णांचा दिवाळीनंतर फोन आला. जुन्या कॉम्प्युटरनं राम म्हटला होता. "तीन पार्ट्या येऊन गेल्या. एकाचं कीबोर्डवर चालतंय, एकाचं माउसवर, एकाचं नुसत्या बोटानं. तिन्ही आपापलं भारी म्हणतेत. आता तूच सांग, काय घिऊ?"

दुकानांत बिलिंग बसवून देणं हा माझा धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जो तो हेच विचारतो. किंमत, वॉरंटी, जीएसटीचे रिपोर्ट यांत तिघांचा फार फरक नसतो. फरक असतो तो माणूस यंत्राशी बोलतो कसा, यात. गेल्या पन्नासेक वर्षांत हे बोलणं तीनदा बदललं आणि दर वेळी काही मिळालं, काही गेलं. काय गेलं ते विकणारा सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

डेमोत काय दिसत नाही

डेमो पाच मिनिटांचा असतो. पाच मिनिटांत टचस्क्रीनच जिंकणार. रंगीत चौकोन, त्यावर चादरीचा फोटो, बोट लावलं की बिलात. पण गल्ल्यावरचा पोरगा ते पाच मिनिटं नाही, पाच वर्षं वापरणार आहे. शिकायला सोपं असणं आणि वापरायला वेगवान असणं हे दोन वेगळे गुण आहेत. एकाच वस्तूत दोन्ही असतीलच असं नाही.

हा वाद माउसइतकाच जुना आहे. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाचं एक प्रात्यक्षिक दिलं. माउस जगासमोर आला तो त्या दिवशी. पहिला नमुना त्याआधी चार वर्षांचा, बिल इंग्लिश यांनी बनवलेला: लाकडाची डबी, खाली दोन चाकं. लोकांना एवढं आठवतं. पण एंगलबार्ट यांच्या डाव्या हाताखाली आणखी एक वस्तू होती, पाच पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा दोन-तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, की एक अक्षर उमटतं. शिकायला कष्टाचं, पण एकदा बसलं की उजवा हात माउसवरून उचलायलाच नको. त्यांचं म्हणणं असं, की फक्त सोपेपणाच बघायचा तर सगळ्यांनी तीनचाकीच चालवली असती. सायकल शिकताना पडावं लागतं, तरी माणसं सायकलच शिकतात. जगानं माउस घेतला, पाच पट्ट्या सोडून दिल्या. गिऱ्हाईक सोपेपणाला भुलतं हे तेव्हापासूनचं.

कीबोर्ड : पाठांतराचा धंदा

सोलापूरकराला यंत्राच्या भाषेत बोलणं नवं नाही. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर निघते. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा आकडा (हुक) जागेवर राहतो आणि उचलला गेला की ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. जोसेफ मारी जॅकार यांचं हे यंत्र १८०४चं. याच भोकांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी उचलली, पुढं हर्मन हॉलरिथ यांनी भोकांची कार्डं वापरून १८९०ची अमेरिकेची जनगणना मोजली. नंतर कित्येक वर्षं कॉम्प्युटरला सांगायचं ते कार्डावर भोकं पाडूनच. माणसानं यंत्राची लिपी शिकायची, यंत्र माणसाची शिकणार नाही, असा तो करार होता.

कीबोर्डवरचं बिलिंग त्याच करारातलं आहे. डबल चादर जेकॉट २१४, नॅपकिन डझन ३०७, हे तुम्हाला पाठ हवं. कॉम्प्युटरचा पडदा काही सुचवत नाही. पण पाठ झालं की त्याच्यासारखा वेग नाही. कॉमर्सच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, टॅलीत एफ८ म्हणजे सेल्स, एफ९ म्हणजे परचेस. ते त्याच्या डोक्यात नसतं, बोटांत असतं.

हा वेग मोजता येतो. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या संशोधकांनी १९८०मध्ये त्याचा हिशोब मांडला. सराव असलेल्या माणसाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद, माउसनं एखाद्या जागी पोचायला १.१, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला किंवा परत आणायला ०.४, आणि पुढं काय करायचं हे मनात जुळवायला १.३५. क्लिकचे ०.२ धरा.

आता बिलातली एक ओळ घ्या. कीबोर्डवर: तीन आकडी कोड, एंटर, दोन आकडी नग, एंटर. सात कळा म्हणजे १.४, अधिक विचाराचे १.३५. झाले २.७५ सेकंद. माउसवर: विचार, हात माउसकडे, यादी उघडायला एक नेम आणि क्लिक, मालावर दुसरा नेम आणि क्लिक, हात परत, मग नग आणि एंटर. बेरीज ५.३५. बारा ओळींच्या बिलाला एकीकडे ३३ सेकंद, दुसरीकडे ६४. तुळजापूरहून परतणारी बस दुकानापुढं थांबली आणि चाळीस माणसं टॉवेल घेऊन रांगेत उभी राहिली, की या ३१ सेकंदांचं काय होतं ते गल्ल्यावर बसलेल्यालाच कळतं.

पण थांबा. हा हिशोब मुरलेल्या हाताचा आहे आणि चुका धरलेल्या नाहीत. त्याच तिघांनी, कळा शोधत टाइप करणाऱ्या नवख्याला एका कळेला १.२ सेकंद धरले आहेत. तोच आकडा वर घाला: कीबोर्डची ओळ ९.७५ सेकंदांवर जाते, माउसची ८.३५वर. पारडं फिरलं! म्हणजे "कीबोर्ड वेगवान" हे अर्धंच खरं. कुणाच्या हाताला, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. कामगार दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर तुमच्याकडं कायम नवखाच बसलेला असतो.

माउस : ओळखा आणि निवडा

झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत १९७३मध्ये आल्टो नावाचा कॉम्प्युटर झाला, खिडक्या आणि माउस असलेला. १९८१ला त्याच घरातून स्टार बाजारात आला, जानेवारी १९८४ला ॲपलचा मॅकिंटॉश. या सगळ्यांनी करार उलटा केला: माणसानं आठवायचं नाही, यंत्रानं समोर मांडायचं आणि माणसानं ओळखायचं. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं, हे मानसशास्त्र जुनंच. नातेवाइकाचं नाव आठवत नाही, पण लग्नात समोर आला की चेहरा लगेच कळतो, तसं.

माल खूप प्रकारचा आणि प्रत्येक प्रकार क्वचित विकला जाणारा असेल, तर हा सौदा चांगला. साडीच्या दुकानात दर पंधरवड्याला नवा माल. त्याचे कोड कोण पाठ करणार?

माउसवाल्या सॉफ्टवेअरचा डेमो बघताना मात्र बटणांची मापं बघा. पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका नेम धरायला वेळ जास्त. मी पाहिलेल्या एका पडद्यावर "सेव्ह" आणि "रद्द" ही दोन बटणं चिकटून, नखाएवढी. ज्यानं ती काढली त्यानं रांगेपुढं बसून एकही बिल केलेलं नसणार. पडद्याच्या कडेला लागून असलेलं बटण सर्वांत सोपं, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी कडेपुढं जात नाही. हे साधं गणित पाळलेलं दिसलं तर बनवणारा जाणकार समजा.

टच : बोट हाच माउस

टचस्क्रीन मोबाईलनं आणली असं वाटतं, पण ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडात माल्व्हर्न इथं १९६५मध्येच तिच्यावर लेख लिहिला होता, विमान वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी. हात इकडून तिकडं न्यायचे ते ०.४ सेकंद इथं वाचतात. कुणाला शिकवावं लागत नाही. भाषेचाही प्रश्न थोडा सुटतो: आपल्याकडं गल्ल्यावर मराठी, मागं गोदामात तेलुगू, गिऱ्हाईक कन्नड किंवा उर्दू बोलणारं, आणि चादरीचा फोटो सगळ्यांना वाचता येतो.

आता गेलं काय ते. कीबोर्डच्या आकडेपट्टीवर ५च्या कळेला एक बारीक उंचवटा असतो, बोट फिरवून बघा. त्या उंचवट्याच्या जोरावर मुरलेला माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत, "काकू, तुमच्या तीन डबल आणि एक सिंगल ना?" असं बोलत बिल करतो. काचेवर उंचवटा नाही. प्रत्येक बोटाला डोळे लावावे लागतात, आणि तेवढ्यात काकू चौथी चादर पिशवीत घालतात.

दुसरं, बोट जाड असतं. बटण निदान ९ मिलिमीटरचं हवं, म्हणजे दहा इंची टॅबवर एका वेळी किती प्रकार मावतील ते तुम्हीच बघा. बाकीच्यांसाठी पानं उलटा. तिसरं, सोलापूरचा मे. घामेजल्या बोटाला काच कधी दाद देत नाही, कधी एका टिचकीला दोन नग चढवते. टॉवेलचा बारीक कापूसही बसतो, पण त्यात कीबोर्डवाल्यांनी हसू नये. तो कळांखालीही बसतो आणि तिथून काढायला मलाच बोलावतात. उभ्या पडद्यावर हात लांब करून दिवसभर काम केलं तर खांदा भरून येतो. टच घ्यायचाच तर पडदा तिरका, टेबलावर टेकलेला घ्या.

खोटं बिल कसं होतं

मी बसवलेल्या एका दुकानात माल परत घेण्यासाठी वेगळी स्थिती होती. एक बटण दाबलं की पुढचं सगळं बिल उणे. चालू आहे हे सांगायला पडद्याच्या कोपऱ्यात एक फिकट शब्द. सकाळी एका बाईंची चादर परत घेतली, पोरगा बटण उलटवायला विसरला, आणि पुढची अकरा बिलं उणे गेली. रात्री हिशोब लागेना. पोराला बोलणी बसली. चूक बनवणाऱ्याची होती, आणि ती न बघता बसवणाऱ्याची, म्हणजे माझीही.

एकच कळ वेगवेगळ्या स्थितीत वेगळं काम करते, ही दुखणी जुनी. झेरॉक्समध्ये कट-कॉपी-पेस्ट घडवणारे लॅरी टेस्लर यांना अशा स्थितींचा इतका तिटकारा, की त्यांच्या गाडीच्या पाटीवर "नो मोड्स", म्हणजे अशा स्थिती नकोत, असं होतं. तेव्हा तिघांनाही एकच सांगा: परतीचं बिल करून दाखवा. पडदा आख्खा लाल होतो का, की कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतं? आणि ते बिल झालं की आपोआप विक्रीवर येतं का?

इंटरनेटवर चालणारं असेल तर कळ दाबून उत्तराची वाट मोजा. सेकंदाच्या दहाव्या भागात आलं तर लगेच आल्यासारखं वाटतं; एक सेकंदापलीकडं गेलं की माणसाची लय तुटते; दहा सेकंद गेले की तो मोबाईल काढतो. संध्याकाळी सहाच्या गर्दीत मोजा, सकाळी दहाला नको.

मग घ्यायचं काय

घाऊक माल, ठरलेले पन्नास-साठ प्रकार, वर्षानुवर्षं तोच माणूस गल्ल्यावर: डोळे झाकून कीबोर्ड. कोड मात्र विचार करून द्या. चादरी २ने सुरू, टॉवेल ३ने, म्हणजे पाठ लवकर होतं. नवा पोरगा, थोडे प्रकार, दोन-तीन ओळींची बिलं, म्हणजे चटणी-भाकरीचं दुकान किंवा चहाचा गाडा: टच, आणि शंका नको. मधल्या सगळ्यांनी माउसचं घ्यावं, पण प्रत्येक कामाला कीबोर्डची कळही आहे ना ते बघून. नवखा माउसनं शिकतो आणि सहा महिन्यांनी आपोआप कळांवर येतो. मालाला बारकोड लावता येत असेल तर हा वाद निम्मा मिटतो, पण गठ्ठ्यातून सुट्या निघणाऱ्या टॉवेलला तो लावणार कोण हे आधी ठरवा.

काहीही घ्या, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर बसवू नका. तिघांकडून आठवडाभर वापरायला मागा, विकणाऱ्याला बाहेर पाठवा आणि तुमच्या पोराला बसवून घड्याळ लावा.

अण्णांकडं आम्ही हेच केलं. टचवर त्यांचा नातू पुढं होता, पण अण्णांचे चष्म्यामागचे डोळे प्रत्येक चौकोन शोधत बसले. "चांगलंय ओ, पण हात जाईना की त्यावर!" शेवटी कीबोर्डचंच ठरलं, नव्या मशीनवर. मी नवा कीबोर्ड जोडला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि जुना पुढं केला: आकड्यांवरची छपाई पार पुसलेली, एंटरला खळगा. गोल पिनेचा. नव्या मशीनला ते गोल भोकच नव्हतं. कन्व्हर्टरसाठी नव्या पेठेत दोन दुकानं फिरलो, तिसऱ्यात मिळाला.