‘एक रुपयाही न भरता घर’: कोल्हापुरात आमच्या माथी बसलेले आठ लाख

भाड्याच्या घरात राहणाऱ्या कोल्हापूरकराच्या मोबाइलवर ‘झिरो डाउन पेमेंट’ची जाहिरात आली नाही, असं आता होत नाही. घर आत्ता घ्या, हप्ता भाड्याएवढा, डागडुजी नंतर सवडीनं करा, तिलाही कर्ज मिळतं. अशाच एका एजंटामार्फत आम्ही शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या बाजूला एक जुनं घर घेतलं. तीन खोल्या, मागं न्हाणी, वर अर्धा स्लॅब आणि अर्धा पत्रा. प्रकरण पोलिसांकडे आहे म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते. ती ऐकून आमच्याच ओळखीतल्या दोन घरांनी ‘आम्हालाही असंच सांगितलंय’ म्हणून सांगितलं, तेव्हा गप्प बसवेना.

आधी नियम सांगते, कारण तो आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्याच्या वर 75 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, अपवाद फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांचा. म्हणजे उरलेले दहा-वीस टक्के कुणीतरी भरावेच लागतात. एजंट जेव्हा ‘भरू नका’ म्हणतो, तेव्हा ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या कागदावर चढणार, हा एकच प्रश्न त्याला विचारायचा आणि उत्तर लेखी मागायचं.

आमचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला 65 हजार येतात, शिल्लक जवळजवळ नाही. घरमालक पुण्याला राहतो आणि त्याला विकून मोकळं व्हायचं होतं. 2024 च्या दिवाळीनंतर तोंडी व्यवहार ठरला 32 लाखांना. घर माझ्या नावावर घ्यायचं, कारण बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. ही सवलत खरी आहे. त्या एका खऱ्या गोष्टीमुळे पुढचं सगळंच खरं वाटत गेलं, आणि पुढचं प्रत्येक कर्ज, प्रत्येक चेक माझ्या एकटीच्या सहीचा झाला.

साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, किंमत आली 40 लाख. एजंट म्हणाला, “वैनी, ही रेडी रेकनरची किंमत. सरकारी नियमच हाय, ह्याच्या खाली दस्त हुईत न्हाई. तुम्ही द्यायचे 32च.” हे धादांत खोटं होतं. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क काढण्यासाठीचा तक्ता आहे. रेकनरची किंमत आणि व्यवहाराची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं, एवढाच त्याचा संबंध. दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. आमच्या घराची किंमत त्या दरानं 32 लाखांच्याही खाली येत होती. 40 चा आकडा आला दुसरीकडून: 40 चे 80 टक्के म्हणजे बरोबर 32. बँकेकडूनच सगळी रक्कम काढायची, तर किंमत तेवढी फुगवावी लागते. मुद्रांक शुल्कही मग 40 लाखांवरच गेलं.

आता बँकेला दाखवायचं होतं, की वरचे 8 लाख आम्ही मालकाला आधीच दिलेत. ह्याला एजंटानं ‘मार्जिन मनी फिरवणं’ म्हटलं. “पैसे नुस्ते तुमच्या खात्यातनं जाणार आणि माझ्याकडं परत येणार. सगळेच असं करतात, ब्यांकेला बी ठावं असतंय.” त्याच्या ओळखीच्या एका माणसाच्या खात्यातून 8 लाख माझ्या खात्यात आले आणि त्याच दुपारी आरटीजीएसनं मालकाच्या खात्यात गेले. सिक्युरिटी म्हणून त्या माणसाच्या नावानं हातउसने पावती झाली आणि तारीख-रक्कम न घातलेले तीन चेक घेतले गेले. “खरेदीखत झालं की फाडून टाकू की.”

मालकानं ते 8 लाख परत पाठवले, पण माझ्या खात्यात नव्हे, थेट त्या माणसाच्या खात्यात. माझ्या पासबुकात दोनच ओळी राहिल्या: त्याच्याकडून 8 लाख जमा, मालकाला 8 लाख नावे. पैसे त्याला परत पोचल्याची नोंद माझ्याकडे कुठंच नाही. सगळी फसवणूक या एका फटीत आहे. कागदावर मी 8 लाख उसने घेतले, त्यातून घर घेतलं आणि उसने फेडले नाहीत. खरेदीखत झालं, चेक काही फाडले गेले नाहीत. पुढच्या श्रावणात त्यांतला एक 8 लाखांचा म्हणून बँकेत लागला, न वटता परत आला आणि चेक न वटल्याबद्दलच्या कलम 138 ची नोटीस दारात आली.

मुद्रांक, नोंदणी, वकील आणि एजंटाचं कमिशन यांना लागणारे सुमारे 3 लाख सबसिडीतून वळवतो, असं त्यानं सांगितलं होतं. जुन्या प्रधानमंत्री आवास योजनेतली व्याज-सबसिडी कधीच बंद झालीय. 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या शहरी 2.0 योजनेत ती जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार आहे, पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होते, आणि घराची किंमत 35 लाखांच्या व कर्ज 25 लाखांच्या आत असेल तरच. घर घेताना तिच्यातला एक पैसाही हातात येत नाही. गृहकर्ज मंजूर झाल्यावर आयत्या वेळी “सबसिडी लेट हाय” म्हणत त्यानं माझ्या मोबाइलवरून 3 लाखांचं पर्सनल लोन काढून दिलं, 16 टक्क्यांनी. नंतर टॉप-अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज, घेऊन ते मिटवू, ही त्याची हमी.

आणि मग ‘नंतर सजवा’चा भाग आला. माझ्या मते हाच सगळ्यात वाईट भाग आहे. घर लागलं म्हणून माणूस आनंदात असतो, कुणी गवंडी घेऊन आलं तर त्याला चहा देतो. एजंटाचाच कंत्राटदार अंदाजपत्रक घेऊन आला: 7 लाख. गिलावा, पुट्टी-रंग, पीओपी, किचनचा ओटा, नवीन वायरिंग, न्हाणीचं वॉटरप्रूफिंग, आणि पत्र्याच्या जागी वर एक खोली. खोली भाड्यानं द्या, हप्ता तिथूनच सुटेल. घरदुरुस्ती कर्ज एका फायनान्स कंपनीचं, रक्कम थेट कंत्राटदाराच्या खात्यात. बँका असं कर्ज साधारण कामाच्या टप्प्यांप्रमाणे देतात. इथं कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यातच ‘काम समाधानकारक पूर्ण झाले’ असं पत्र घातलेलं होतं. काम सुरू व्हायच्या आधीच पूर्ण झाल्याची सही कंपनीकडे पोचली होती.

झालेलं काम सांगते. पीओपी झालं, रंग झाला, ओटा झाला. वायरिंग दर्शनी खोलीपुरतं. न्हाणीत जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली, खाली काहीच नाही. वरची खोली होणारच नव्हती. घर पूररेषेत येतं. नदीच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. निळी रेषा आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यातही अटी असतात. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढला असता, तर हे व्यवहाराआधीच कळतं. घरफाळ्याची पावती पुढं करून “सगळं रेग्युलर हाय” म्हणणाऱ्यावर विसंबू नका. घरफाळा भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

2025 च्या पावसाळ्यात भिंतींना फोड आले. मिस्टरांच्या गावाकडचे एक म्हातारे गवंडी, आम्ही त्यांना मामा म्हणतो, बघायला आले. त्यांनी थापीच्या टोकानं रंग खरवडला. पुट्टीचा पापुद्रा ताव्यावरच्या डोशासारखा सुटून आला. त्याखाली मालकानं बँकेच्या पाहणीआधी मारलेला डिस्टेंपर, त्याखाली जुना चुना, आणि माझ्या छातीच्या उंचीवर भिंतभर आडवी गेलेली मातकट रेघ. मामांनी रेघेवर बोट फिरवलं, बोटाला बारीक गाळ लागला. “पुराची हाय पोरी. एकदा न्हवं, दोनदा पाणी बसलंय.” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली होती. शेजारच्या आजींना दोन्ही वेळचं पाणी कुठवर आलं ते पायरीगणिक पाठ आहे. घर घेताना शेजाऱ्यांशी बोलू नका, भाव वाढतो, हेही एजंटाचंच सांगणं होतं.

मामांनी दुसरंही सांगितलं, ते जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. खाली काळा दगड, वर मातीतली वीट आणि चुन्याचा गिलावा, अशा भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला की ती आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. आधी छप्पर आणि गळती, मग पायाची ओल, मग पाइप आणि वायरिंग, मग गिलावा, रंग सगळ्यात शेवटी. जो कंत्राटदार रंगापासून सुरुवात करतो, त्याला काहीतरी झाकायचं असतं. काम मोजमापावर द्या. गिलाव्याचं क्षेत्र स्वतः टेप लावून मोजा, आणि वाळू ब्रासनं येते तेव्हा 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची मोजून पडताळा. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

आता हिशोब असा: बँकेचे 32 लाख, पर्सनल लोनचे 3, दुरुस्तीचे 7, आणि ते हातउसने 8. बत्तीस लाखांच्या घरावर पन्नास लाखांचं देणं. 32 लाखांना 20 वर्षांनी सुमारे 28 हजार, पर्सनल लोनचे सव्वासात हजार आणि दुरुस्तीचे दहा हजार, असे तीन हप्ते दर महिन्याला जातात. आठ लाखांचं काय होईल, ते कोर्ट ठरवेल.

तक्रार आम्ही आर्थिक गुन्हे शाखेकडे दिलीय. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. आमच्या वकील बाईंनी सगळ्यात आधी एकच गोष्ट धरली: मालकाच्या खात्यातून त्या माणसाच्या खात्यात गेलेली परतीची नोंद. ती तपासात पोलिसांना बँकेकडून मागवता येते आणि आमच्या बाजूचा खरा पुरावा तोच आहे. त्या माणसाकडे सावकारीचा परवाना नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, 2014 खाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, म्हणून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे वेगळा अर्ज केलाय. वकील बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं, की फुगवलेल्या किमतीच्या साठेखतावर सही खरेदीदाराची असते, त्यामुळे बँक आधी त्यालाच विचारते. एजंटाची सही कुठल्याच कागदावर नसते. आमच्या फाइलमध्येही नाही.

तुमचा व्यवहार अजून व्हायचा असेल, तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि मालकी-बोजाच्या नोंदी तपासणारा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट तुम्ही नेमलेल्या वकिलाकडून घ्या, एजंटानं आणलेल्या नव्हे. आजूबाजूच्या घरांचे सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर काढा, म्हणजे त्या गल्लीतला खरा भाव कळतो. मिळकतीवर आधीचं तारण आहे का, ते सरसाई (CERSAI) या तारणांच्या केंद्रीय नोंदणीत थोड्या फीमध्ये पाहता येतं. संचकार किंवा विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, 20 हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यानं ते चालत नाही.

कोरे चेक आधीच देऊन बसला असाल, तर ते कुणाला, कधी आणि कशासाठी दिले हे आजच लेखी कळवा, रजिस्टर पोस्टानं, त्या माणसालाही आणि तुमच्या शाखेलाही. नुसतं ‘स्टॉप पेमेंट’ केल्यानं 138 टळत नाही. नोटीस आलीच तर मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलं पाहिजे. आणि साठेखत झालंय पण कर्जाची रक्कम अजून सुटली नाही, अशा कुणापर्यंत हे पोचलं, तर उद्या सकाळी शाखा उघडताच खरी किंमत लिहून वाटप थांबवण्याचा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या आणि ती प्रत घरात ठेवा, एजंटाकडे देऊ नका.