जुन्या शेव्हरोलेटला क्रॅंककेस व्हेंटिलेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या १९४८ च्या शेव्हरोलेट फ्लीटमास्टरच्या साडेतीन लिटरच्या इंजिनात पिस्टन रिंगांना चुकवून खाली क्रॅंककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरणारा वायू बाहेर जाण्यासाठी कंपनीने केवळ एक तिरक्या तोंडाची नळी दिली आहे, आणि गाडी धावताना तिच्या तोंडावरून जाणाऱ्या वाऱ्याने जेवढी ओढ निर्माण होईल तेवढ्यावरच सगळा कारभार चालतो. ताशी ४० किलोमीटरच्या खाली ही ओढ नावापुरतीच उरते. जळगावच्या गर्दीत किंवा केळीच्या ट्रॅक्टरमागे याहून अधिक वेग मिळतो तरी कधी? त्यामुळे पाण्याची वाफ ऑइलमध्येच मुरत असे आणि थंडीत ऑइल भरायच्या टोपणाच्या आतून ताकावरच्या लोण्यासारखा पिवळसर फेस साचत असे.

कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना सक्तीचा झालेला पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्याच ओढीने हा वायू परत सिलिंडरांत जाळायला नेणारी झडप, आम्ही गेल्या दिवाळीनंतर बसवला. ब्लॉकला छिद्र पाडायचे नाही, हे आधीच ठरवले होते. कार्बुरेटरखाली बसेल अशी जाड स्पेसर प्लेट लेथवर करून घेतली, म्हणजे वायू तिच्यातून सहाही सिलिंडरांना सारखा वाटला जातो आणि वाटेल तेव्हा सगळे काढून मूळची नळी परत लावता येते. व्हॉल्व्ह मोठ्या इंजिनाचा घेऊ नये. तो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू असताना) गरजेपेक्षा जास्त हवा सोडतो. योग्य मापाचा असूनही आम्हाला पेट्रोल-हवेचे मिश्रण किंचित घट्ट (पेट्रोल जास्त) करावे लागले.

खानदेशात मात्र व्हॉल्व्हपेक्षा टोपणाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारले होते, "भाऊ, हवा बाहेर काढतो आहोत, पण आत येते कुठून?" आता इंजिन या टोपणातूनच सतत हवा ओढते, मूळच्या टोपणातली विरळ जाळी एप्रिल-मेमधली काळ्या मातीची धूळ अडवू शकत नाही आणि या इंजिनात सगळे ऑइल गाळणारा फिल्टर मुळातच नाही. म्हणून टोपण बंद करून त्याची नळी एअर क्लीनरच्या स्वच्छ बाजूला जोडली.

फेस पूर्ण गेला, मागच्या सीलमधली गळती बरीच कमी झाली, आणि सिग्नलला थांबल्यावर केबिनमध्ये येणारा उग्र वास बंद झाला. ऑइल काळे होण्याचा वेगही मंदावलेला दिसतो. मायलेजमध्ये फरक नाही, तो अपेक्षितही नव्हता. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना मिश्रण पुरवणाऱ्या नळ्यांमधली) ओढ घटते, वायू मात्र वाढतो. तेव्हा तो उलटा एअर क्लीनरकडे जातो आणि नळीत थोडे ऑइल आढळते. नळीच्या तोंडाशी आडवा पत्रा लावल्यावर ते कमी झाले.

रिंगा झिजलेल्या इंजिनाला हा उपाय पुरणार नाही. बसवून झाल्यावर, इंजिन आयडलिंगला असताना, टोपण काढून तोंडावर पातळ कागद ठेवावा: तो हलकेच आत ओढला गेला तर व्हॉल्व्ह पुरेसा आहे, फुगून वर उडाला तर पैसे आधी रिंगांवर खर्च करावेत.