ऑलिव्ह, केसर की मोसंबी? मराठवाड्यात बाग धरण्याआधी

ऑलिव्हचं रोप मराठवाड्यात जगतं. काटक झाड आहे, पाण्याची ओढ सोसतं, पानं हिरवीगार राहतात, आणि रोपवाटिकेवाला ते दाखवूनच रोपं विकतो. पण बाग लावायची ती पानांसाठी नाही. झाड फुलेल का, फुललं तर फळ धरेल का, आणि दरवर्षी धरेल का, हे तीन प्रश्न विचारायचे. केसर आंबा आणि मोसंबीलाही हेच प्रश्न लावून पाहिले की निवड बरीच सोपी होते.

आधी फुलण्याचं गणित. तिन्ही झाडांत (खरं तर बहुतेक फुलझाडांत) एफटी नावाचं जनुक कामाला येतं. योग्य इशारा मिळाला की पानात या जनुकाचं प्रथिन तयार होतं, सालीतून डोळ्यापर्यंत (फांदीवरच्या कळीपर्यंत) जातं, आणि तिथं पालवीऐवजी फूल बनायला लागतं. जनुक तिघांत एकाच घराण्यातलं आहे, पण ते जागं कशानं होतं हे झाडागणिक वेगळं. ऑलिव्हला हिवाळ्यातला गारवा लागतो. आंब्याला रात्रीचा गारवा बहुतांशी पुरतो. मोसंबीला गारवा चालतो आणि पाण्याचा ताणही चालतो. आपल्या भागासाठी सगळी मेख या फरकात आहे.

ऑलिव्हचं नीट पाहू, कारण त्याबद्दलच जास्त गोड बोललं जातं. कॅलिफोर्नियात जुन्या प्रयोगांतून दिसलं होतं, की रात्री तापमान २ ते ४ अंशांपर्यंत उतरतं आणि दिवसा १५ ते १९ च्या आसपास राहतं तेव्हा हे झाड उत्तम फुलतं. एकसारखं १२-१३ अंश ठेवलं तरी फुलं येतात. पुढे इस्राएलमधल्या अभ्यासात एफटीची पातळी प्रत्यक्ष मोजली गेली: हिवाळ्याच्या गारव्यात पानांमध्ये ती वाढते, आणि वातावरण उबदार राहिलं किंवा झाडावर आधीच्या फळांचा भार असला की दबते. आता आपला डिसेंबर आठवा. परभणीत, संभाजीनगरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, शेकोट्या पेटतात, पण दुपारी ऊन २८-३० अंशांचं. रात्री कमावलेला गारवा दुपारचं ऊन बऱ्याच अंशी खाऊन टाकतं. एखाद्या कडक थंडीच्या वर्षी थोडी फुलं दिसतीलही. बँकेचा हप्ता मात्र दरवर्षी असतो.

राजस्थानचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. तिथं इस्राएलच्या मदतीनं २००७-०८ पासून सरकारी प्रकल्प उभा राहिला, अर्बेक्विना, बार्निया, कोरोनैकी, पिक्वाल अशा जाती आल्या, बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेल गाळण्याचा कारखानाही झाला. पण बिकानेरचा जानेवारी आणि अंबाजोगाईचा जानेवारी एक नाही. तिथं रात्री खूपच खाली उतरतात आणि दिवसही आपल्यापेक्षा थंड असतात. शिवाय तिथला पाऊस आपल्या निम्म्याहून कमी. मराठवाड्याच्या ७०० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये काळ्या जमिनीत मुरतो आणि साचतो. ऑलिव्हच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा असतो, म्हणजे आपल्या बरोबर उलट.

समजा फुलं आली. ऑलिव्हची बरीच फुलं नुसती नर असतात, त्यांच्यातला स्त्रीकेसर वाढतच नाही. फुलायच्या आधीच्या आठवड्यांत पाणी किंवा अन्न कमी पडलं की अशा फुलांचं प्रमाण वाढतं. झाड पांढरंशुभ्र दिसतं आणि हाती काही लागत नाही. चांगल्या वर्षीसुद्धा शंभर फुलांमागे एक-दोन फळं, एवढाच हिशेब धरतात.

त्यापुढे परागणाचा पेच आहे, आणि तो रोपं घेताना कोणी सांगत नाही. ऑलिव्हचं झाड बहुधा स्वतःचे पराग नाकारतं. ‘मग दोन जाती लावू’ हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ऑलिव्हमध्ये परागांचे फक्त दोनच गट आहेत आणि एका गटाची झाडं आपसात फळ धरत नाहीत. लग्न जुळवताना गोत्र पाहतात तसाच प्रकार, फक्त इथं गोत्रं दोनच. म्हणजे पाच वेगवेगळ्या नावांच्या जाती लावल्या आणि पाचही एका गटातल्या निघाल्या, तर वारा कितीही सुटो, फळाची आशा थोडीच. अर्बेक्विना एकटी लावली तरी काही प्रमाणात धरते म्हणतात. म्हणून तीच सगळीकडे विकली जाते. ती लवकर फळावर येते आणि तिला गारवाही तुलनेनं कमी लागतो, हेही खरं. तरी ‘तुलनेनं कमी’ म्हणजे आपल्या दुपारी चालेल असं नाही.

२०१६ मध्ये स्पेनमधल्या हजार वर्षांहून जुन्या, फार्गा जातीच्या एका ऑलिव्ह झाडाचा जनुकसंच वाचून झाला. सुमारे ५६ हजार जनुकं, माणसाच्या दुपटीहून जास्त. त्यातून कमी गारव्यात फुलणारी जात पुढेमागे घडेलही. पण बियांपासून उगवलेलं ऑलिव्ह फुलायला दहा-पंधरा वर्षं घेऊ शकतं, त्यामुळे नवी जात पारखायलाच पैदासकाराची अर्धी नोकरी जाते. तुमची बाग त्या आशेवर लावू नका.

केसरला आपला हिवाळा पुरतो. आंब्याच्या काडीवरची पानं जून झाली आणि रात्री १५ अंशांच्या खाली-वर आल्या की मोहोराचा इशारा मिळतो, दुपार तापली तरी तो पुसला जात नाही. पावसाळ्यात मुळाशी दिलेलं पॅक्लोब्युट्राझोल, आपल्या भाषेत कल्टार, झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक घटवतं. जिबरेलिन पालवीला जोर देतं आणि मोहोर मागे रेटतं, त्यामुळे ते घटलं की मोहोर लवकर आणि भरपूर येतो. मात्र लहान आणि अशक्त झाडांना हे देणं म्हणजे त्यांचं आयुष्य आधीच खर्चून टाकणं. वर्षाआड फळण्याची खोड केसरमध्ये आहे, पण लंगडा-दशहरीइतकी नाही. मोहोरात नर आणि उभयलिंगी फुलं एकत्र असतात, माश्या परागणाचं काम करतात, म्हणून मोहोर उमलला असताना फवारणी शक्यतो टाळा. भीती वेगळीच आहे: फेब्रुवारी-मार्चची अवकाळी आणि गारपीट. तिच्यावर जनुकांत उपाय नाही. मराठवाडा केसरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि एकदा झाड मोठं झालं की एखादा वाईट उन्हाळा ते काढून नेतं.

मोसंबीचा स्वभाव आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी जनुकांची नावं कळायच्या कितीतरी आधी ओळखला होता. ताण द्यायचा, पानं कोमेजू द्यायची, मग पाणी सोडायचं, की बहार म्हणजे फुलोरा फुटतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने. आज माहीत आहे की पाण्याच्या ताणानंही लिंबूवर्गात एफटी वाढतं. म्हणून हिवाळ्याअखेरचा आंबे बहार घ्यायचा की पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग हे तुम्ही ठरवू शकता. ऑलिव्हच्या बाबतीत डिसेंबर ठरवतो. मोसंबीला फळ धरायला शेजारी दुसरी जातही लागत नाही. फळं झाडावर फार दिवस ठेवली तर पुढचा बहार पडतो, कारण भार असलेल्या झाडाच्या पानांत एफटीला दाबणारं दुसरं जनुक चालू राहतं. व्यापाऱ्यानं भाव वाढेल म्हणून तोड लांबवायला सांगितली, तर हे त्याला ऐकवा.

पण हाच ताण तुम्ही न देता निसर्गानं दिला तर? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाण्याची खात्री नसेल तर जालन्याच्या मोसंबीला मानांकन आहे म्हणून ती लावू नये. भारी, चुनखडीच्या जमिनीत डिंक्याही (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात खुंटाचं, म्हणजे कलम ज्या मुळावर बांधतात त्याचं, विचारून मगच कलमं घ्या, रंगपूर आणि जंबेरी या खुंटांत आपल्या मातीप्रमाणे फरक पडतो.

माझं मत विचाराल तर, एप्रिलमध्ये विहीर तळाला जात असेल तर केसर. शेततळं भरलेलं राहतं, जमीन निचऱ्याची आहे आणि बहार सांभाळायला घरचं माणूस आहे, तर मोसंबी. तिचा पैसा लवकर सुरू होतो. निव्वळ मुरमाड आणि पाणी बेताचं असेल तर या तिघांपेक्षा सीताफळ बघा, ते छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर फुलतं आणि थंडीची वाट पाहत नाही.

ऑलिव्हची हौस असेलच तर बांधाला पाच-दहा झाडं लावा, दोन्ही परागगटांची. रोपवाटिकेवाल्याला दोन गोष्टी विचारा: ही जात कोणत्या गटातली, आणि मराठवाड्यात कुणाच्या शेतात तिला सलग तीन वर्षं फळ लागलेलं दाखवता का. शेत दाखवलं तर स्वतः जाऊन बघा, तेही फळाच्या हंगामात.